कुरवाच्या पायातलं तिसरं अक्षर

मित्रहो, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही.

आज आपल्या धरणावर कुरव दिसला. हिवाळ्यात दुरून येणारा हा पांढरा पक्षी. याच्या पायात निळं कडं होतं, त्यावर तीन अक्षरं. तिन्ही वाचली की कडं कोणत्या देशात घातलं ते समजते. दुर्बिणीतून दोन वाचली. तिसऱ्यावर आपली काळी माती थापलेली!

तिथंच गाळात टरबुजाची वाडी लावणाऱ्या काकू आल्या.

"काय पाहून राह्यला बाप्पा इतल्या वेळचा?"

मी सांगितलं.

"मंग उडव ना त्याले. पाण्यात बसन, पाय धुतल्या जाईन."

मले पटलं! जोरात टाळी वाजवली. कुरव उडाला अन् सरळ अकोल्याच्या दिशेनं गेला.

"पाय न धुताच गेला व माय!" काकू म्हणाल्या.

अकोलेकर हो, तुमच्या धरणावर दिसला तं तिसरं अक्षर सांगा ना. आपण पाहुण्याले आधी पाय धुवाले पाणी देतो, मंग गाव विचारतो. मी त्याले टाळी वाजवून हाकललं.