बटण दाबणारे सासरे

माझ्या सासऱ्यांची चूक झालेली उभ्या कार्डिफमध्ये कुणी पाहिली नव्हती. त्यांनी स्वतः तर नाहीच नाही. हाडांचे डॉक्टर असल्यामुळे शरीरातल्या मऊ गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. गाडी ते रस्त्याच्या मधोमध चालवत. बाजूने कुणी हॉर्न दिला की म्हणत, "हल्ली वेल्समध्ये मॅनर्स उरले नाहीत." कोपर लागून कप पडला तर चूक कपाची.

पुण्यातला त्यांचा सख्खा भाऊ काचबिंदूने आंधळा झाला, तेव्हा ऑप्टिशियनने यांनाही नजरेचा घेर तपासणारी फील्ड टेस्ट करायला सांगितली. आजार घराण्यात चालतो आणि नजर कडांकडून इतकी हळू खातो, की माणसाला पत्ता लागत नाही. सासरे म्हणाले, "मला लागला असता." शेवटी माझी बायको मेधा हट्टाला पेटली. कार्डिफमध्येच वाढल्यामुळे मराठीतल्या लिंगांशी तिचं फारसं सख्य नाही. "बाबा, तुमचा टेस्ट झाला नाही, तर मी माझा पण करणार नाही."

टेस्ट साधी होती. एक डोळा झाकायचा, पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठे उजेड चमकला की बटण दाबायचं. सासऱ्यांनी यंत्राला हरवायचंच ठरवलं होतं. टेलिग्राफ ऑफिसात बसल्यासारखे ते बटण दाबत सुटले. टेक्निशियनबाई शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, दिवा लागला नव्हता तेव्हाही तुम्ही दाबलंत."

"लागणार होता," सासरे म्हणाले.

बाईंनी त्यांना चहा पाजला आणि पुन्हा बसवलं. या खेपेला दार उघडं होतं आणि मेधा समोर बसली होती. बटण फार कमी वेळा वाजलं. छापून आलेल्या कागदावर दोन्ही डोळ्यांची खालची बाजू काळी होती, म्हणजे तिथलं त्यांना दिसतच नव्हतं. सासऱ्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाले, "आता हिची करा."

मेधाच्या एका डोळ्यात नुकती सुरुवात होती. थेंब घालत राहिलात तर नजर शाबूत राहील, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्या डॉक्टरचे आभार मानले आणि त्याच आठवड्यात गाडी विकली, अर्थात पेट्रोल महागलं म्हणून.

पुढे रविवारी आम्ही रीडिंग शहरातल्या आमच्या घरून कार्डिफला जायचो, तेव्हा ते मेधाचा दंड धरून तळ्याकाठी फिरत. कारण, त्यांच्या मते, तिला आधार हवा होता. पायरी आली की ती जराशी थबकायची. मग ते तिला सांगत, "सांभाळ हं, पायरी आहे."