ढगात शिरायचा परवाना

भिवंडीत आमचे चोवीस लूम, म्हणजे यंत्रमाग, होते आणि माझ्याकडे विमान चालवायचा खासगी परवाना होता. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जुहूच्या एका क्लबात मी तो मिळवला. पण त्या परवान्यावर हवा स्वच्छ असेल तरच उडता यायचं, क्षितिज डोळ्यांना दिसलं पाहिजे. ढगात शिरायचं तर वेगळी पात्रता लागते, इन्स्ट्रुमेंट रेटिंग. बाहेर काहीच दिसत नसताना नुसत्या समोरच्या तबकड्या वाचून विमान चालवायचं.

ते घ्यावं की नाही यात माझी दोन वर्षं गेली.

विषय काढला माझ्या मित्राने. तो ठाण्यात डॉक्टर, परवाना आम्ही बरोबरच घेतलेला. सप्टेंबरातल्या एका सकाळी दोघं गणेशपुरीपर्यंत जाऊन परतत होतो, तर खाडीकडून ढगांचा पट्टा खाली उतरत आला. त्याच्या खालून निसटायला आम्ही इतके खाली आलो की वळ गावच्या शेतात कमरेवर हात ठेवून वर बघणारी बाई मला स्पष्ट दिसली. ती पळाली नाही. नुसती बघत राहिली.

जुहूला उतरल्यावर डॉक्टर म्हणाला, "पट्टा अजून दोनशे फूट खाली असता तर?"

मी चाकांना अडसर लावत होतो. तो पुन्हा म्हणाला,

"आपण रेटिंग घेऊ. दोघंही."

घरी सांगितलं. बायकोने एवढंच विचारलं, "म्हणजे आता ढग असले तरी जाणार तुम्ही?" मी म्हटलं, सुरक्षिततेसाठीच घेतोय. ती म्हणाली, "आतापर्यंत ढग दिसले की तुम्ही घरी असायचात." आणि उठून आत गेली.

आमचे इन्स्ट्रक्टर हवाई दलातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. पहिल्या धड्याला त्यांनी माझ्या डोक्यावर एक लांब टोपी चढवली. तिच्यातून फक्त तबकड्या दिसायच्या, बाहेरचं काही नाही. पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग त्यांनी मला डोळे मिटायला लावले, विमान हवं तसं फिरवलं आणि म्हणाले, "उघड. सरळ कर."

मला विमान सरळच वाटत होतं. अगदी सरळ. विमान किती कललंय ते दाखवणारी कृत्रिम क्षितिजाची तबकडी मात्र डावीकडे कललेली. मी म्हणालो, "सर, ही बिघडलीय."

त्यांनी माझी टोपी काढली. डाव्या पंखाखाली सगळी खाडीच होती.

"तुझा धंदा काय रे?"

"लूम आहेत, सर."

"कारखान्यात बिघाड कसा ओळखतोस?"

"कानाने. शेडच्या दारातूनच कळतं कुठला लूम बिघडलाय ते." हे मी अभिमानाने सांगितलं. वडिलांनीच तसं शिकवलं होतं. ते लूमच्या लाकडावर हात ठेवून म्हणायचे, "हाताला विचार, दुसऱ्या कोणाला विचारायची गरज न्हाय."

सरांनी टोपी पुन्हा माझ्या डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "परीक्षा तू पास होशील. मला त्याचीच भीती वाटते."

पुढचे धडे मी घेत राहिलो. चुका कमी झाल्या. पण शेडमध्ये उभा असतानाही अधूनमधून जमीन डावीकडे झुकल्यासारखी वाटायची आणि मी खांब धरायचो. बायकोने ते एकदा पाहिलं.

डॉक्टरने रेटिंग मिळवलं, मी अजून अर्ध्यावर होतो. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. नाशिकहून परतताना त्याने मला शेजारी बसवलं. लहान विमानात दोन्ही बाजूंना नियंत्रणं असतात, एकाने हलवली की दुसऱ्याचीही हलतात. कसाऱ्याच्या अलीकडे ढग भिंतीसारखे उभे होते. त्याने रेडिओवर कंट्रोलची परवानगी घेतली आणि आम्ही आत शिरलो.

सगळीकडे पांढरं, ओलं, एकसारखं. खाली कुठेतरी डोंगर. डॉक्टर शांतपणे तबकड्यांवर नजर फिरवत होता.

आणि मला खात्री झाली की आपण उजवीकडे कलतोय. वाटलं असं नाही म्हणत मी, खात्री झाली. माझ्या समोरची तबकडी सरळ होती, ती मला दिसत होती, वाचता येत होती. तरी मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. पुढचं आठवतं ते एवढंच, की माझ्या दोन्ही हातांनी नियंत्रण घट्ट पकडलेलं होतं आणि मी ते डावीकडे ओढत होतो.

"सोड!" डॉक्टर ओरडला. "सोड म्हणतो ना!"

मला सोडता येत नव्हतं. त्याने माझ्या मनगटावर कोपर मारलं, एकदा, दोनदा. बोटं सुटली. विमान एका बाजूला घसरत होतं, उंची कमी होत होती. त्याने ते सावरलं. मी हात मांड्यांखाली दाबून बसलो आणि डोळे मिटून घेतले.

ढगातून बाहेर आलो तेव्हा विमान सरळ होतं. उजवीकडे तानसा तलाव होता, आणि मला त्याचं पाणी तिरपं दिसत होतं.

जुहूला इंजिन बंद झाल्यावर डॉक्टरने कानावरचे हेडफोन काढून मांडीवर ठेवले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू नको घेऊस."

"हो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सरांना जाऊन सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही. माझं मनगट सुजलं होतं, ते त्यांना दिसलं असावं. स्वच्छ हवेत मी आणखी वर्षभर उडालो, मग तेही सुटलं. डॉक्टर पुढे कितीतरी वर्षं उडत होता, पण मला त्याने पुन्हा कधी बरोबर बोलावलं नाही, आणि मीही विचारलं नाही.