तीन रिमोट, एक जावक

वर्णन: पुरुष, वय वर्षे त्रेसष्ट. उंची मध्यम, बांधा मध्यम, आवाज मध्यमाहून किंचित खाली. ओळखीची खूण: उजव्या अंगठ्यावर शिक्क्याच्या शाईचा जांभळट डाग, सेवानिवृत्तीस पाच वर्षे होऊनही गेलेला नाही. हुद्दा: आवक-जावक लिपिक. सेवाकाळ: चौतीस वर्षे, पैकी नोंद राहून गेल्याचे प्रसंग: निरंक. निर्णय घेण्याचे अधिकार: निरंक. तांत्रिक ज्ञान: निरंक. घरातील अधिकार: माहिती उपलब्ध नाही.

कचेरीत कागद आला की त्यावर आवकचा शिक्का, गेला की जावकचा. मधल्या काळात कागदाचं काय होतं हे बघणं यांचं काम नव्हतं आणि यांनी ते कधी बघितलंही नाही. इमारतीत सगळे त्यांना जावकसाहेब म्हणतात. त्यातल्या ‘जावक’मध्ये थट्टा नाही, ‘साहेब’मध्ये आहे. बायको, जिला सगळी इमारत वहिनी म्हणते, त्यांना पस्तीस वर्षं फक्त ‘अहो’ म्हणत आली होती.

घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि आतल्या खोलीत जावकसाहेबांचे वडील, आबा. वय एक्याण्णव. आबांनी एका कारखान्यात तीस वर्षं क्रेन चालवली. हातात दोन दांडे, खाली वीस टन लोखंड झुलतंय, आणि ते एकदाही कुणाच्या डोक्यावर पडलं नाही. ही गोष्ट ते फार सांगत नसत, आठवड्यातून दोन-तीनदाच. गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला. डावा हात गेला तो गेलाच, आणि उजव्याचा अंगठा तेवढा सांगितलेलं ऐकायचा, तेही मूड असला तर.

पलंगासमोर भिंतीवर टीव्ही. आणि पलंगावर तीन रिमोट. पहिला टीव्ही लावायचा, दुसरा सेट-टॉप बॉक्सचा, चॅनल बदलायचा, तिसरा स्पीकरचा आवाज वाढवायचा. टीव्हीचा स्वतःचा आवाज आबांच्या कानापर्यंत पोचेनासा झाला होता. आबांचा अंगठा यांपैकी भलत्याच रिमोटवर भलतंच बटण दाबायचा आणि पडदा निळा व्हायचा. मग हाक यायची, “अरे!” जावकसाहेब उठायचे, आत जायचे, पडदा माणसात आणायचे, बाहेर यायचे. “अरे!” हाकांची त्यांनी आठवडाभर नोंद ठेवली. दिवसाला सरासरी अडतीस.

मग एका आठवड्यात सरासरी नऊवर आली. जावकसाहेबांना बरं वाटलं. वहिनींना वाटलं नाही.

“आबा हाक मारत नाहीत हल्ली,” त्या म्हणाल्या.

“जमायला लागलं असेल.”

“जाऊन बघा की.”

जावकसाहेब जाऊन बघून आले. टीव्हीवर घरच्या काचेच्या टाकीतल्या माशांची निगा कशी राखावी हे एक बाई समजावून सांगत होती. जेवायच्या आधीही तीच बाई होती. आबा उशीला टेकून माशांकडे बघत होते.

“हे आवडतं तुम्हाला?”

“नाही.”

“मग?”

“तू जेवत होतास,” आबा म्हणाले. “चाललंय, काय बिघडलं? मासे काही वाईट नाहीत.”

वीस टन झुलवलेल्या माणसानं माशांशी तडजोड केली होती. त्या रात्री जावकसाहेबांना जेवण नीट गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाजारातून एक नवा रिमोट घेऊन आले. याला जुने तिन्ही धंदे शिकवता येतात आणि मग तिघांचं काम हा एकटा करतो, असं दुकानदार म्हणाला होता. सोबत एक पुस्तिका होती. तिच्यात कंपन्यांची नावं आणि प्रत्येकीपुढे चार-चार आकडी क्रमांकांची रांग. आपल्या कंपनीचा क्रमांक रिमोटला सांगायचा, की त्याला ओळख पटते.

जावकसाहेबांना पुस्तिका मनापासून आवडली. क्रमांक होते.

घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. आबांचा टीव्ही ज्या कंपनीचा होता ती बंद पडून जमाना झाला होता आणि पुस्तिकेत तिचं नावच नव्हतं. जावकसाहेब डगमगले नाहीत. त्यांनी एक नवी वही घेतली, रकाने आखले: अनुक्रमांक, सांकेतिक क्रमांक, वेळ, परिणाम, सही. आणि दिसेल त्या कंपनीचा क्रमांक घालून बघायला सुरुवात केली. दोन दिवसांत एकशे चौदा क्रमांक झाले. परिणामाच्या रकान्यात एकशे चौदा वेळा ‘नाही’. प्रत्येकापुढे सही.

तिसऱ्या दिवशी वहिनींनी पुस्तिका हातात घेतली आणि शेवटचं पान उघडलं.

“अहो, इथे लिहिलंय, क्रमांक माहीत नसला तर रिमोट स्वतःच शोधतो म्हणून. सेटचं बटण दाबून धरायचं, दिवा लागला की रिमोट टीव्हीकडे धरून बसायचं. तो एकेक क्रमांक सोडत जातो. बरोबरचा सापडला की टीव्ही बंद पडतो. पडला रे पडला की लगेच ओके दाबायचं. उशीर झाला तर तो पुढे निघून जातो, मग पहिल्यापासून.”

“मी शेवटच्या पानापर्यंत आलो नव्हतो.”

“एकशे चौदा सह्या केल्यात, पान उलटायला काय झालं होतं?”

अडचण एकच होती. जवळचा चष्मा लावला की जावकसाहेबांना रिमोटचं बटण दिसायचं, टीव्ही दिसायचा नाही. लांबचा लावला की टीव्ही दिसायचा, बटण नाही. दोन्हींचा मिळून एक चष्मा त्यांनी केला नव्हता. आवक आणि जावक एका वहीत ठेवू नये, ही शिस्त. तेव्हा असं ठरलं की जावकसाहेबांनी जवळचा चष्मा लावून रिमोट धरायचा, वहिनींनी टीव्हीवर नजर ठेवायची आणि तो बंद पडला की ओरडायचं. मोठ्याने, कारण स्पीकर चालू होता आणि मासेवाली बाई बोलत होती.

सात मिनिटं दिवा लुकलुकत राहिला. आणि एकदम पडदा काळा झाला.

“गेला!” वहिनी ओरडल्या. “अहो, गेला! गेला!”

जावकसाहेबांनी चौतीस वर्षांच्या सवयीने आधी पेन उचललं. वेळ लिहिली, दहा बेचाळीस. ‘परिणाम’मध्ये ‘होय’ लिहिलं, खाली रेघ मारली, सही केली आणि मग ओके दाबलं. तोपर्यंत दिवा चारदा लुकलुकून गेला होता. आधी नोंद, मग कृती. कचेरीत यामुळे कुणाचंच कधी काही बिघडलं नव्हतं, कारण तिथे कृती दुसऱ्या खात्याकडे होती.

आता आपल्या भाषेत टीव्ही जातो तेव्हा ‘गेला’ आणि आबांसारखं माणूस जातं तेव्हा ‘गेले’. फरक काना आणि मात्रेचा. पण विटेच्या भिंतीतून काना-मात्रा ऐकू येत नाही. भिंतीपलीकडे टेलरमास्टर राहतात. घरीच मशीन टाकून बसतात. त्यांनी मशीन थांबवलं, जावकसाहेबांच्या बहिणीला फोन केला (तिचा नंबर त्यांच्याकडे याच कामासाठी दिलेला होता), आणि गळ्यातली टेप तशीच, कानामागचा खडू तसाच, ते दारात येऊन उभे राहिले. चेहरा त्यांनी प्रसंगाला शोभेसा केला होता. पण जावकसाहेब दार उघडायला गेले ते जवळच्या चष्म्यानिशी, त्यांना चेहराच दिसला नाही.

“कधी?” मास्टरांनी हळू आवाजात विचारलं.

“दहा बेचाळीस,” जावकसाहेब म्हणाले.

“फार त्रास झाला का?”

“काही विचारू नका. तीन दिवस धडपड चालली होती.”

“सुटले म्हणायचे.”

“कसले सुटताहेत? अजून दोघं आहेत.”

मास्टरांनी दाराची चौकट धरली. “दोघं?”

“आणि हा गेला तोही नीट गेला नाही. माझ्या हातून उशीर झाला. आता पहिल्यापासून सगळं.”

तेवढ्यात आतून खणखणीत आवाज आला, “मास्टर आलेत का? त्यांना म्हणावं, माझ्या पायजम्याची नाडी आत गेलीय, काढून द्या!”

मास्टर खुर्चीत बसले. वहिनींनी त्यांना पाणी दिलं. मग फोन वाजला. पलीकडे जावकसाहेबांची बहीण रडत होती आणि मधेच बस किती वाजता आहे ते कुणालातरी विचारत होती. जावकसाहेबांनी ‘त्याचं असं झालं’ इथून सुरुवात केली. हे आता बरंच लांबणार हे ओळखून आबांनी फोन कानाशी धरायला लावला.

“हॅलो. मीच बोलतोय. … अगं, टीव्ही गेला. मी इथेच आहे. … रडू नको. … ये म्हणजे ये, त्यासाठी मी कशाला जायला पाहिजे?”

ती रविवारी येते म्हणाली. आबा बराच वेळ खूश दिसले.

आता प्रश्न होता शब्दाचा. पुन्हा ‘गेला’ म्हणायची सोय राहिली नव्हती.

“‘संपला’ म्हणा,” मास्टर म्हणाले. ते आता घरी परतायच्या मनःस्थितीत नव्हते.

“हे काय बरं आहे, मास्टर?”

“मग ‘आटोपलं’?”

“ते तर त्याहून वाईट.”

“‘मिटला’… ‘विझला’… ‘गार पडला’…” मास्टर बोलता बोलता थांबले. “काय हो ही भाषा. सरळ बंद पडायला एक शब्द ठेवला नाही.”

“‘बंद’ म्हणू का नुसतं?” वहिनींनी विचारलं.

“बंद तर श्वासही पडतो,” आबा म्हणाले. “आता तळमजल्यावरचं कुणीतरी येईल धावत. हे बघ, सूनबाई, तू ‘जावक’ म्हण. टीव्ही गेला म्हणजे जावक. कायद्यात बसतं, कुणी मरत नाही.”

वहिनी लाजल्या. सगळ्या इमारतीच्या तोंडी असलेलं ते नाव त्यांनी नवऱ्याच्या देखत एकदाही उच्चारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “मी नाही बाई.” आबा म्हणाले, “मग मासे बघतो मी.” वहिनींनी पदर खोचला.

जुन्या रिमोटने टीव्ही पुन्हा लावला. सेट दाबलं. दिवा लुकलुकू लागला. मास्टर पलंगाच्या कडेला, वहिनी पलंगाशी उभ्या, आबा उशीवर जरा वर सरकलेले. वही जावकसाहेबांच्या मांडीवर उघडी, पेन वहीत. सहा मिनिटं झाली, सात झाली. वहिनींनी श्वास रोखला होता, कारण या वेळी चुकलं तर शब्द पुन्हा उच्चारावा लागला असता.

पडदा काळा झाला.

“जावक!”

जावकसाहेबांनी मान वर केली. जवळच्या चष्म्यातून त्यांना बायकोचा चेहरा धूसर दिसला, लालबुंद. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांचा उजवा हात सवयीने पेनाकडे निघाला आणि रिमोट धरलेला डावा जागच्या जागी राहिला.

“दाब, गाढवा!” आबा ओरडले.

त्यांनी दाबलं. दिवा विझला. जावकसाहेबांनी नव्या रिमोटवरचं लाल बटण दाबलं. टीव्ही लागला. पुन्हा दाबलं. गेला. या वेळी कुणीच तसं म्हटलं नाही.

बॉक्स आणि स्पीकर यांच्या कंपन्या हयात होत्या. त्यांचे क्रमांक पुस्तिकेत दुसऱ्याच ओळीत सापडले. पण रिमोटवर सत्तेचाळीस बटणं होती आणि आबांचा अंगठा एक. तो लाल बटणाकडे निघाला की वाटेत तीन ठिकाणी मुक्काम करायचा. जावकसाहेब नको असलेल्या बटणांवर चिकटपट्टी लावू लागले. मास्टरांनी रिमोट त्यांच्या हातातून काढून घेतला, टेपने मोजला, लांबी-रुंदी-जाडी, खडूने तळहातावर लिहून ठेवली, आणि घरी गेले.

तासाभराने आले ते रिमोटला सुटाच्या कापडाचं कव्हर घालून. गडद निळं, कडेला दुहेरी शिवण. वरच्या बाजूला फक्त पाच भोकं: चालू-बंद, चॅनल पुढे, चॅनल मागे, आवाज जास्त, आवाज कमी. प्रत्येक भोकाभोवती हाताने घातलेलं काज, कोटाला घालतात तसं.

“जन्मभर बटणांना काजं केली,” मास्टर म्हणाले. “या बटणांनाही काज लागतं हे कुणी सांगितलंच नव्हतं.”

“शिलाई?” जावकसाहेबांनी विचारलं.

“सकाळी मी तुमची तीन माणसं मारली, साहेब. शिलाई कुठली मागू?”

रिमोट आबांच्या उजव्या हातात दिला. अंगठा जरा थरथरला, कापडावरून सरकला, काजाच्या कडेला अडला आणि आत शिरला. पडदा उजळला. आबांनी टीव्ही बंद केला, पुन्हा लावला, बंद केला, लावला. मग एकेक चॅनल मागे टाकत गेले, सावकाश, क्रेनच्या दांड्यासारखं जपून. मासेवाली बाई आली तेव्हा ते क्षणभर थांबले, तिच्याकडे बघितलं, आणि तिला पुढे ढकललं.

“चहा घ्या मास्टर,” वहिनी म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे वळून, सहज, जणू रोजच म्हणतात तसं, “जावकसाहेब, तुम्ही पण.”

दुपारभर आतून एकही हाक आली नाही. जावकसाहेब तीन वेळा उगीचच डोकावून आले. चौथ्यांदा गेले तेव्हा आबांना झोप लागली होती. रिमोट पोटावर, अंगठा लाल बटणाच्या काजात. टीव्ही त्यांनीच बंद केला होता.

वही पलंगाखाली सापडली, संध्याकाळी केर काढताना. त्या दिवसाचं पान कोरं आहे, ‘दहा बेचाळीस, होय’ ही नोंद सोडून, आणि ती चुकीची आहे. खऱ्या ‘होय’ची नोंद राहून गेली.