काळा टाय आणि तोकुनागा बाई

तोकुनागा बाईंच्या खालच्या खणात लोखंडी कात्री आहे आणि त्या कात्रीने त्यांनी एका परदेशी बाईचा तोकडा स्कर्ट टराटरा कापला, असं आमच्या शाळेत दरवर्षी नव्या मुलांना सांगितलं जातं. मलाही सांगितलं गेलं होतं. मी पुढच्या वर्षीच्या मुलांना सांगताना त्यात कात्रीचा आवाजही घातला.

मात्र तो खण मी पाहिलाय. वर्गाच्या कामांची पाळी माझी होती, वह्या ठेवायला शिक्षकांच्या खोलीत गेले तेव्हा तो उघडा होता. आत पोटदुखीच्या गोळ्यांची बाटली, तीन घडी केलेले हातरुमाल आणि खडूचे तुकडे. कात्री नव्हती. कात्री चालवायचं सोडा, बाईंना कुणाला 'नको' म्हणणंसुद्धा जमत नाही.

त्या आमच्याच बंदरातल्या. वडील माकुळं पकडणाऱ्या मासेमारी बोटीवर होते. बाई इंग्रजी शिकल्या, पण परदेशात कधी गेल्या नाहीत. आम्ही दोघी एकाच चढावर राहतो, त्यामुळे मला त्या पाठ आहेत. त्यांचं वाक्य 'जरा' या शब्दापर्यंत येतं आणि तिथेच बसतं, चढावर दमलेल्या म्हातारीसारखं. मान उजवीकडे कलते, दातांतून हवा आत जाते. आम्हा बंदरावरच्या माणसांना तेवढं पुरतं. पुढचं आमचं आम्ही समजतो. परदेशातून आलेल्या माणसाला मात्र ते समजत नाही, आणि शाळेत येणाऱ्या प्रत्येक परदेशी शिक्षकाची जबाबदारी बाईंवर.

खरी हकिगत माझ्या आईने सांगितली. वीस वर्षांपूर्वी हेदर नावाची बाई आली होती. बिनबाह्यांचे कपडे घालायची. एका पालकाचा तक्रारीचा फोन आला. तोकुनागा बाईंनी महिनाभर रोज तिला विचारलं, आज जरा गारठा आहे ना? ती रोज हसून म्हणायची, नाही हो, मस्त आहे. शेवटी तेव्हाच्या उपमुख्याध्यापकांनी भर बैठकीत सगळं बोलून टाकलं. हेदर बाई तिथेच रडली आणि त्याच आठवड्यात मायदेशी परतली. आपण आधी सांगितलं असतं तर ती राहिली असती, हे बाईंच्या पोटात जे बसलं ते बसलंच. आणि तेव्हापासून त्यांना आणखीच भीती. कपड्यांवरून बोललं तर माणूस निघून जातो, न बोललं तरी जातो.

सध्या आमच्याकडे फर्गस सर आहेत. आयर्लंडचे, तेवीस वर्षांचे, दाराच्या चौकटीला रोज कपाळ आपटणारे. उन्हाळ्यात ते अर्ध्या चड्डीत शाळेत आले, तेव्हा बाई त्यांना म्हणाल्या की इकडे डास जरा... सरांनी डासांचं मलम आणलं. बाईंनाही एक ट्यूब दिली.

मार्चमध्ये तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मुलांचा निरोप समारंभ होता. आदल्या दिवशी दुपारी मी वह्या ठेवायला गेले होते, तेव्हा सर शिक्षकांच्या खोलीत पिशवी नाचवत आले. शहरातल्या दुकानातून समारंभासाठी काळा सूट आणला होता आणि दुकानदाराने दाखवलेला काळाकुट्ट टायही. तो त्यांनी गळ्याला लावून बाईंना दाखवला. चांगला आहे ना?

खोलीतल्या सगळ्यांचे हात थांबले. आमच्याकडे काळ्या सुटावर पांढरा टाय म्हणजे निरोप समारंभ, लग्न. काळ्या सुटावर काळा टाय म्हणजे मयत.

एरवी लोक हसले असते. पण यंदा निरोप घेणाऱ्यांत तातेइशी कोहेई होता. नोव्हेंबरात त्याच्या वडिलांची बोट परत आली नाही. त्या दिवसापासून त्याची आई घराबाहेर पडलेली नव्हती. उद्या ती पहिल्यांदाच येणार होती, पालकांच्या पहिल्या रांगेत बसणार होती, आणि शिक्षकांच्या खुर्च्या बरोबर समोर.

बाई म्हणाल्या, "फारच... काळा आहे."

सर खूश झाले. हो ना, म्हणाले.

उपमुख्याध्यापक ओनोदेरा सर कागदातून डोकं न काढता बोलले, "तोकुनागा बाई, तुम्ही सांगाल ना त्यांना."

बाईंनी खण उघडला, दोन गोळ्या पाण्याशिवाय गिळल्या. मग त्या सरांच्या मागे दारातल्या, जोडे ठेवायच्या कपाटांपर्यंत गेल्या. मीही गेले, कान मला नेतात तिकडे मी जाते. बाई म्हणाल्या, उद्याचा दिवस जरा... सर म्हणाले, हो, फार मोठा दिवस. आणि सायकलवर टांग टाकून गेले.

चढावर मी बाईंना गाठलं. चेहरा कागदासारखा झाला होता. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी सांगू द्या. त्या म्हणाल्या, ती बाई दारात येऊन तो टाय बघून परत फिरली तर? आणि मी बोलले नि हा मुलगाही निघून गेला तर? बोलताना पिशवीतल्या कांद्याच्या पाती हलत होत्या. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

म्हणून उगाच धीर आणायला मी बोलले, "बाई, तुम्ही नाहीच सांगणार. पैज लावा."

"कसली?"

"तोंडावर, सरळ सांगितलंत तर जूनमधल्या इंग्रजी भाषणाच्या स्पर्धेत मी उभी राहीन."

दोन वर्षं त्या त्यासाठी माझ्या मागे लागल्या होत्या. दुसऱ्याची नक्कल मी हजारांसमोर करीन, पण माझ्याच आवाजात पाच मिनिटं बोलायचं म्हटलं की मी पळ काढते. मला वाटलं, धोका काही नाही. बाई पिशवी सावरत घरात शिरल्या.

सकाळी मी फाटकापाशी पाहुण्यांच्या कोटाला फुलं लावत होते. बर्फ वितळून चिखल झाला होता. फर्गस सर आले, गळ्यात तो टाय, आणि पाहुण्यांना वाकून नमस्कार करायला ऐन फाटकातच उभे राहिले. तेवढ्यात बंदराकडच्या रस्त्याने कोहेईची आई येताना दिसली. काळा किमोनो, हळू पावलं, बाजूला कोहेई. फार तर साठ पावलं अंतर. माझ्या बोटात टाचणी घुसली.

मी मागे पाहिलं. बाई पळत येत होत्या. शाळेच्या आत घालायच्या पांढऱ्या जोड्यांनिशी, चिखलातून. आमच्याकडे आग लागली तरी माणूस जोडे बदलायला क्षणभर थांबतो. बाई थांबल्या नाहीत. त्यांनी थेट सरांचा टाय मुठीत पकडला आणि इंग्रजीत म्हणाल्या, "फर्गस, हा टाय मेलेल्या माणसासाठी असतो. त्या येताहेत, त्यांचा नवरा गेलाय. काढा. आत्ता."

सर कानापर्यंत लाल झाले. एक क्षण मला वाटलं, झालं, आता रडणार. पण त्यांनी टाय ओढून काढला आणि खिशात कोंबला. बाईंनी कोटाच्या खिशातून आपल्या वडिलांचा जुना पांढरा टाय काढला, जरा पिवळसर पडलेला. सर गुडघ्यांत वाकले, बाईंनी गाठ मारली. गाठ तिसऱ्यांदा बसली.

कोहेईची आई फाटकात आली तेव्हा दोघं शेजारी उभे राहून वाकले होते. तिनेही मान लववली. तिने काही पाहिलं होतं का, मला माहीत नाही. ती आत गेली.

सर हलक्या आवाजात म्हणाले, "मला कुणी सांगितलं का नाही? अजून काही आहे?"

बाईंनी श्वास घेतला. "पांढरे मोजे नकोत. इथे जोडे काढतात, सगळ्यांना दिसतात. आणि अर्धी चड्डी कधीच नको. डासांचा काही संबंध नव्हता."

समारंभभर बाई मांडीवर रुमाल पिळत बसल्या होत्या. त्या कोहेईच्या आईकडे बघत नव्हत्या, फर्गस सरांकडे बघत होत्या. शनिवार, रविवार बाईंच्या स्वयंपाकघरातला दिवा पहाटेच लागला. सोमवारी साडेसातला मी शाळेच्या जिन्यावरच्या खिडकीतून पाहिलं, तर बाई फाटकात उभ्या, कुणाची वाट पाहत असल्याचं न दाखवता. सात चाळीसला सायकल आली. सरांच्या पायात करडे मोजे होते. बाई आत वळल्या आणि, कुणी नाही असं समजून, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या.

दुपारी त्यांनी मला बोलावलं. मी वाद घातला की आधी टाय पकडला, मग बोललात, ते सरळ सांगणं होत नाही. बाईंनी स्पर्धेचा अर्ज माझ्यापुढे सरकवला. माझं नाव आधीच भरलेलं होतं.

मी सही केली.