‘गिट्टी’चा दुसरा निकाल

केनवडच्या बाजारात एजाजचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच दुकानात बसून हा पठ्ठ्या गेली सहा वर्षं एका संगीताच्या वेबसाइटवर मेटल अल्बमची परीक्षणं लिहितो. दुरुस्त केलेला स्पीकर तपासायचा झाला की परीक्षणाला आलेला अल्बमच त्यावर लावायचा, ही त्याची सवय. एका दगडात दोन पक्षी.

याच सवयीनं घात केला. परवा मंडपवाल्या गोविंदाच्या स्पीकरच्या दोन पेट्या पुन्हा दुरुस्तीला आल्या. एक उघडली तर आत तांबडी वायर काळीच्या जागी, आणि काम एजाजच्याच हातचं. चुंबकावर त्यानंच लिहिलेली तारीख होती, चार वर्षांपूर्वीची. जोडीतल्या एकीच्या वायरा उलट्या लागल्या की दोन्ही पेट्या एकमेकींचा खर्ज खातात. नेमक्या त्या आठवड्यात, याच पेट्यांवर ऐकून, त्यानं ‘ढेकूळ’ या नू मेटल बँडच्या पहिल्या अल्बमचा निकाल लावला होता. अल्बमचं नाव ‘गिट्टी’, निकाल असा: गिटार दमदार, रॅप झणझणीत, बास, म्हणजे खर्जातली गिटार, पोकळ. पुढच्या अल्बमला बासवर दुसराच माणूस आला.

एजाजनं वायरा सरळ केल्या आणि ‘गिट्टी’ लावला. तिसऱ्या गाण्यात बास असा उठला की फळीवरचे स्क्रू नाचायला लागले. गिटार नुसती ओरडत होती. गाणं ओढत होता तो बास. एजाजला स्वतःची लाज वाटली.

“चार वरसं झाली,” त्याची बायको कौसर म्हणाली. “कोनाले याद हाय आता?”

“जिले लागलं तिले असन.”

अल्बमच्या माहितीत बास वाजवणारीचं नाव होतं: स्नेहा, राहणार रिठद. फोनवर माफी मागणं त्याला पटेना. रविवारी दोन्ही पेट्या आणि अ‍ॅम्प्लिफायर मोटारसायकलला आवळून तो निघालाच.

स्नेहा आता ग्रामपंचायतीत संगणकावर काम करते. आढेवेढे न घेता एजाजनं दारातच सगळं सांगून टाकलं. ती शिव्या घालेल, हाकलून देईल, इतकी त्याची तयारी होती.

“मी तं तुमचंच खरं मानलं, एजाजभाई,” ती म्हणाली. “बँडवाले थांब म्हनत होते. मीच सोडून आली. गिटार बी इकून टाकली.”

हे ऐकायची मात्र तयारी नव्हती. खाली मान घालून त्यानं पेट्या जोडल्या, वायरा दोनदा तपासल्या आणि अल्बम लावला.

तिसरं गाणं तिनं तीनदा लावायला सांगितलं. मग ओढणीनं डोळे पुसले.

“लिवा आता. तुमचं काय चुकलं ते समदं लिवा. अन् माझं नाव लिवा. मांगच्या बारीले ते बी नव्हतं.”

एजाजनं तिथंच ओट्यावर बसून मोबाइल काढला. आधी तिचं नाव लिहिलं, मग आपली चूक.