जैन किचनमधला शुक्रवार

"मकरंद, इथे सगळं उत्तम आहे," थळकर काका फोनवर म्हणाले. ते थायलंडमध्ये, क्राबीच्या किनाऱ्यावर होते. मी ग्वाल्हेरात, लष्कर भागातल्या महाराज बाड्याजवळच्या माझ्या ऑफिसात होतो. सगळं उत्तम आहे हे सांगायला ट्रॅव्हल एजंटला कोणी फोन करत नाही.

"फक्त आज शुक्रवार आहे," ते म्हणाले. "आणि इथलं किचन सूर्य बुडायच्या आधी बंद होतं."

ऐकताक्षणी मला कळलं की घोळ मी घातला आहे.

थळकर काका-काकू आमच्या हरिशंकरपुरम कॉलनीतच राहतात. ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. काका इथल्या कारखान्यात इंजिनियर म्हणून आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. दोघं कोशर पाळतात. म्हणजे त्यांच्या धर्मात ठरवून दिलेलंच खातात. मांस त्यांच्या पद्धतीने कापलेलं हवं. तसं कापणारा ग्वाल्हेरात नाही, त्यामुळे घरात मांस जवळजवळ येतच नाही. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, भांडीसुद्धा वेगळी. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ लागतो. तेव्हापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत विस्तव पेटवायचा नाही, गाडीत बसायचं नाही. शुक्रवारी रात्रीचं जेवण त्यांच्या आठवड्यातलं सगळ्यात मोठं.

काकू प्रवासाला निघाल्या की एक पिशवी बरोबर नेत. विजेची शेगडी, तवा, पातेलं, सुरी. कुठल्याही गावी गेल्या तरी हॉटेलच्या खोलीत स्वयंपाक त्यांनीच करायचा. या वेळी लग्नाचा चाळिसावा वाढदिवस होता. ऑफिसात माझ्यासमोर बसून त्या म्हणाल्या होत्या, "मला समुद्राकाठी आयतं जेवायचंय रे. एकदाच. मी बसलेय आणि कोणीतरी वाढतंय, एवढंच."

मी म्हणालो, "काकू, पिशवी घरी ठेवा. मी आहे ना."

फुकेतला कोशर हॉटेल आहे, हे मला माहीत होतं. पण त्यांना गर्दी नको होती. मग मी क्राबीला एक रिसॉर्ट शोधला. तिथे गुजराती ग्रुप उतरतात आणि किचन पूर्ण जैन आहे. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, कांदा-लसूण नाही. मी स्वतःवर खूष झालो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पूजा सांगण्याचं काम. सोवळं-ओवळं बघतच मी वाढलो. ज्यात जास्तीत जास्त गोष्टी वर्ज्य, ते सगळ्यात शुद्ध, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की विचारावंसंही वाटलं नाही. खोली तळमजल्यावर, साध्या किल्लीची घेतली, कारण शब्बाथला वीजही विस्तवातच मोजतात, मग लिफ्ट नाही आणि कार्डाने उघडणारं विजेचं कुलूपही नाही. एवढी बारीक गोष्ट लक्षात ठेवली म्हणून पुन्हा स्वतःचीच पाठ थोपटली. जैन मंडळी सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, हे मात्र सुचलं नाही.

"डबा भरून देतो म्हणतात," काका म्हणाले. "खिचडी. आपण रात्री उघडून आपल्याच हाताने वाढून घ्यायची. चालतं तसं, आम्हाला शाकाहाराची काही अडचण नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"फोन काकूंना द्या," मी म्हणालो.

काकू आल्या. "काकू, चूक माझी आहे," मी सुरू केलं.

"तुझी चूक नंतर बघू. आत्ता शुक्रवार बघ."

"तुम्हाला नक्की काय हवंय?"

त्या म्हणाल्या, "मासा. कालपासून समोर होड्या येतायत, टोपल्या उतरतायत, आणि मी इथे दुधी खातेय. ग्वाल्हेरात दुधी काय कमी मिळतो का?"

मी त्यांना हे आधी कधी विचारलंच नव्हतं. खवले आणि पर असलेला मासा कोशर असतो. तो कापायला त्यांचा माणूसही लागत नाही. ही माहिती मी वाचली होती. पण मासा मला टाळायच्या गोष्टींतलाच एक वाटला. एखाद्याला तो हवा असेल, हे माझ्या शाकाहारी डोक्यात आलं नाही.

मी हॅरीला फोन लावला. हॅरी म्हणजे आमचा तिथला ग्राउंड हँडलर. परदेशात गाडी, हॉटेल, धावपळ बघणारा स्थानिक एजंट. हा मूळचा पंजाबी.

"सर जी, मछली? जैन रिसॉर्ट में? मुझे मरवाओगे," तो म्हणाला.

"दूसरी जगह ढूँढो. समंदर के पास, दो रात. सादा ताला. शाम से पहले शिफ्ट होना है, उसके बाद वो गाड़ी में नहीं बैठेंगे."

"शनिवार को भी नहीं?"

"अँधेरा होने तक नहीं."

त्याने एक छोटं गेस्टहाउस शोधलं. मालकीण एक थाई बाई, स्वयंपाक स्वतः करणारी. मी सांगितलं, तवा नवा कोरा हवा, सुरी नवी हवी, तेल सीलबंद हवं. रिसॉर्टच्या उरलेल्या रात्री बुडाल्या. ते पैसे माझ्या खिशातून गेले, हे उघडच होतं.

दुपारी काकांनी व्हिडिओ कॉल केला. दोघं गेस्टहाउसवर पोचले होते. टेबलावर माशाचे सोललेले पांढरे तुकडे ठेवले होते.

"हे नाही चालणार," काका म्हणाले. "खवलं दिसलं पाहिजे. सोलल्यावर कुठला मासा आहे, काय सांगणार?"

मी हॅरीवर ओरडलो. त्याला वाईट वाटलं. "सर जी, मैंने तो बोनलेस मँगाया था. व्हीआयपी के लिए."

आता वेळ कमी होता. स्वयंपाक शब्बाथ लागायच्या आत आटपायला हवा होता. शनिवारच्या जेवणाचासुद्धा. फोन चालू ठेवून मी बसून राहिलो. समोर गिऱ्हाईक होतं, त्याला वैष्णोदेवीची तिकिटं हवी होती. त्याला चहा सांगितला. क्राबीत मालकीणबाईंचा भाऊ मोटारसायकलवर कुठेतरी गेला. खाडीत त्यांची माशांची जाळी होती म्हणे. मी मनात देवाला हात जोडत होतो. मासा मिळावा म्हणून. माझ्या आजोबांनी ते ऐकलं असतं तर काय म्हणाले असते, कोण जाणे.

तो परतला. पिशवीतून त्याने अख्खा मासा काढून टेबलावर ठेवला. लांबट, चंदेरी, डोळा चकाकता. काकूंनी बोटाने खवलं उचकटून पाहिलं. मग चष्मा वर केला.

"अहो," त्या काकांना म्हणाल्या, "हा तर आपल्या खाडीतला जिताडा."

"काहीतरीच."

"जिताडाच आहे. माझ्या माहेरी, कोकणात, लग्नाची बोलणी करायला आलात तेव्हा काय खाल्लंत विसरलात?"

"बोलणी आठवतायत," काका म्हणाले.

काकू खुर्ची ओढून बसल्या आणि त्या माशाकडे बघत राहिल्या. मला फोन ठेवावासा वाटला, पण अजून एक काम बाकी होतं. बाहेरच्या माणसाने शिजवलेलं चालायचं तर विस्तव त्यांच्यापैकी कोणीतरी पेटवायला हवा होता; रिसॉर्टच्या किचनमध्येही काका रोज तेवढं करत. काकू उठल्या, गॅसची कळ फिरवली आणि मालकीणबाईंना हाताने खूण केली. आता तुमचं.

बाई तळायला लागल्या. काकूंनी दोनदा मान वळवून तव्याकडे पाहिलं.

"बाहेर जाऊन बस," काका म्हणाले.

"मीठ कमी घालतेय ती."

"घालू दे. तू समुद्र बघ."

आणि त्या खरंच बाहेर जाऊन बसल्या. सूर्यास्ताआधी मेणबत्त्या लावल्या, फोन बंद झाला. शनिवारी रात्री मेसेज आला. मासा कोमट होता, मीठ कमीच होतं, दुसऱ्या दिवशी गार खाल्ला तो जास्त चांगला लागला. ताटं त्या बाईंनी धुतली.

आता गिऱ्हाइकाला काय चालत नाही, हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, काय खावंसं वाटतं? बरेच जण गोंधळतात. नवऱ्याकडे किंवा बायकोकडे बघतात. मग मी चहा सांगतो आणि थांबतो.