सुतकातला गेम

माझ्या म्हातारीनं अन् मी मिळून शेवटचं काही केलं असेल तर गेम खेळलो. टीव्हीसमोर खाटेवर बसून, दोघांच्या हातात एकेक रिमोटासारखं खेळणं. पडद्यावर गोळे पडतात, ते झेलून आपल्या टोपलीत टाकायचे. माझे सात झाले, तिचे एकतीस.

"मशीन खराब हाय," मी म्हणालो.

"मशीन नाही. तुमचे डोये बोटाकडं हायेत. कापूस वेचताना बोटाकडं कोन पायते? हात या बोंडावर, नजर पुढच्या बोंडावर."

जन्मभर दोन्ही हातांनी कापूस वेचला तिनं. मी वखर हाकणारा, मला काय कळणार!

गेम माझ्या नातीचा, सुटीत आली तेव्हा इथंच ठेवून गेलेली. मुलाची पोरगी, नागपूरला डॉक्टर आहे, ऑपरेशन करणं शिकून राहिली. आता पोट फाडत नाहीत म्हणे. बोट जाईल एवढी भोकं पाडतात, त्यातून दुर्बीण अन् लांब चिमटे घालतात, अन् समोरच्या पडद्यावर पाहून काम करतात. हात उजवीकडं नेला की आतलं टोक डावीकडं जातं. तिच्या सरांनीच सांगितलं की गेम खेळणाऱ्याचा हात यात लवकर बसतो, रोज तासभर खेळा. मला ते थोतांड वाटलं. म्हातारीला नाही वाटलं. नात खेळायची तेव्हा ती शेजारी बसून पाहायची अन् म्हणायची, "पोरी, तुहा डावा हात झोपला हाय."

आमच्या त्या खेळानंतर चौथ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता म्हातारी खाली बसली. ती उठलीच नाही.

नात आली. तेरा दिवसांचं सुतक. आमच्यात सुतकात टीव्ही लागत नाही, तळण होत नाही, खेळ तर नाहीच. गेमचं सगळं सामान मीच कपाटात घातलं अन् किल्ली बंडीच्या खिशात टाकली. मुलानं सांगितलं की तेरवीच्या दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा आहे. एका बंद डब्यात चिमटे घालून, पडद्यावर पाहत, लहान रबरी कड्या या खुंटीवरून त्या खुंटीवर न्यायच्या. दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली तर वर्षभर नुसतं बाजूला उभं राहून पाहायचं, चिमटा हातात मिळणार नाही.

"मंग? आजी काय रोज मरते?" मी म्हणालो.

सातव्या दिवशी घरात पोथी चालू होती. नातीकडं पाहिलं. डोळे महाराजांकडं, डोळ्यांत पाणी, अन् ओढणीखाली अंगठे चालू. उजवा भरभर, डावा मागं. तिथं बसल्या बसल्या मला माझी चूक समजली. म्हातारी असती तर तिनं कपाट फोडलं असतं.

पोथी संपल्यावर मी कपाट उघडलं. "लाव."

"आबा, सुतक हाय."

"मले शिकवतं? लाव. डाव्यानंच खेळ. अन् बोटाकडं पाहू नको."

तेवढ्यात जाम नदीच्या पलीकडून, सावरगावातून माझा मोठा भाऊ आला. दारातच थांबला. "अबे, घरात मौत झाली अन् तुह्या इथं गेम चालू हाय? लोकं काय म्हनतीन?"

आमचं पांढुर्णा अन् त्याचं सावरगाव, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत नदीच्या इकडून तिकडं दगड मारायची आमची सवय जुनीच. मीही शब्दाचा एक उचलून मारला. "लोकाइले सांग, डॉक्टरीनचा हात बसवून राहिलो."

"पोट्टी नापास झाली तं माह्या दारात तोंड दाखवू नको," म्हणून तो टेकलासुद्धा नाही, तसाच गेला.

सहा दिवस रोज खेळवलं तिला. मी बाजूला बसायचो. नजर खाली गेली की गुडघ्यावर दुपट्ट्याचा फटका. "नजर पुढं!" सुरुवातीला गोळे धडाधड निसटले. तेरवीपर्यंत तिचा डावा उजव्याच्या बरोबरीनं चालायला लागला.

परीक्षेच्या दिवशी दुपारी फोन आला. आधी नुसतं रडणं. मला वाटलं, गेलं.

"बोल ना वं, रडते काहून?"

"आबा, एकबी कडी नाही पडली. सर म्हनाले, डावा हात कोनाजवळ शिकली? म्या सांगितलं, आजीजवळ. येत्या सोमवारी खऱ्या ऑपरेशनात चिमटा मी धरून राहिली."

मी स्वयंपाकघराकडं वळून ओरडलो, "ऐकलं का वं?" आतून ओ आली नाही. मग मी रडलो. ती गेली तेव्हा रडू आलं नव्हतं, नुसता राग आला होता. आता चांगला मोठ्यानं रडलो. शेजारपाजारचे धावत आले, त्यांना वाटलं अजून कोणी गेलं.

"पास झाली!" मी रडत रडतच ओरडलो. "म्हातारी गेली ती गेली, नात पास झाली!"

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर नेसलो, पूल ओलांडून सावरगावात गेलो अन् भावाच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"आलो तोंड दाखवाले," मी म्हणालो. "चहा मांडाले सांग."

दोन कप प्यालो. वहिनी बाहेर आल्या तेव्हा सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.